उत्सवाची छपाई : कापडाची रीत निराळी, कपाची निराळी

नारळी पौर्णिमा मागे पडली, श्रावणाच्या सरी विरळ होऊ लागल्या, की गल्लोगल्लीच्या गणेश मंडळांतून बैठकांना रंग भरू लागतो. मूर्तीचा इसार दिलेला असतो, मांडवाची परवानगी मार्गी लागलेली असते, पावतीपुस्तके घरोघर फिरू लागलेली असतात. आणि मग रात्री उशिरा, चहाचे पेले रिकामे झाल्यावर कोणीतरी विषय काढतो, ‘यंदा टी-शर्टचे काय?’ एका टी-शर्टवर गोष्ट थांबत नाही. लेझीम पथकाला सदरे हवेत, मांडवाभोवती पताका हव्यात, वर्गणीदारांना चिनी मातीचे कप, पाहुण्यांना सन्मानचिन्हे, देणगीदारांना तांब्या, मुलांच्या स्पर्धांसाठी पेने. या सगळ्यांवर चित्र मात्र एकच हवे असते : आपल्या मंडळाचा गणराय, खाली मंडळाचे नाव आणि वर्ष.

चित्र एक आणि वस्तू दहा. बहुधा येथेच घोटाळा होतो. चित्र एक असले, तरी ते उमटविण्याची रीत एक असू शकत नाही, ही साधी गोष्ट बैठकीत कोणाच्या ध्यानी येत नाही. दरपत्रके मागविली जातात, त्यांतील सर्वांत स्वस्त आकड्यावर बोट ठेवले जाते, आणि काम सोपविले जाते.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका मंडळाने काही वर्षांपूर्वी असेच केले. कार्यकर्त्यांसाठी शुद्ध सुती, पांढरेशुभ्र टी-शर्ट घेतले. भाद्रपदातील दमट हवेत सुती कापड बरे, हा विचार अगदी योग्य होता. छपाई मात्र सब्लिमेशनची करून घेतली, कारण ती स्वस्त होती आणि त्याच छापखान्याने छापलेले कप फार सुरेख वठले होते. मांडवात टी-शर्ट वाटले तेव्हा चित्र किंचित फिकट वाटले, एवढेच. पहिल्या धुण्यात गजाननाचे पीतांबर गेले, दुसऱ्या धुण्यात डोळे गेले. एका कार्यकर्त्याच्या आजीने तो टी-शर्ट घडी करून कपाटात ठेवून दिला. ‘याचे पायपुसणे करवत नाही, आणि टाकायचा तरी कुठे?’ असे त्या म्हणाल्या. वर्गणीच्या पैशाचा हिशेब ताळेबंदात लागला. आजींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणाजवळ नव्हते.

त्या उत्तराकडे जाण्यासाठी या छपाईचे मर्म थोडेसे समजून घेतले पाहिजे.

जुनी विद्या, नवे अवतार

लहानपणी गोळ्यांच्या पुडीतून निघणारे कागदी चित्र ओले करून मनगटावर दाबण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. चित्र आधी कागदावर किंवा फिल्मवर छापायचे आणि तेथून ते वस्तूवर उतरवायचे, यालाच ट्रान्सफर छपाई म्हणतात. कपाची गोलाई, पेनाचा दांडा, शिवलेला सदरा या वस्तू सरळ यंत्रात घालणे अवघड असते. म्हणून चित्र कागदावर बसून त्यांच्याकडे जाते.

ही विद्या आजची नव्हे. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी २७ जुलै १७५६ रोजी, अन्य कोणाच्याही मदतीवाचून, सहा तासांत बाराशेहून अधिक टाइल्सवर निरनिराळी चित्रे छापून दाखविल्याचे प्रतिज्ञेवर सांगितले. तितक्या वेळात शंभर कुशल चित्रकारांना जमले नसते एवढे हे काम होते. पुढे जोसाया वेजवुड या प्रख्यात कुंभकारानेही आपली भांडी त्यांच्याकडे छपाईसाठी धाडली. कठीण पृष्ठभागावरील ट्रान्सफर छपाईला अशी अडीचशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे.

कापडाची कथा त्या मानाने अलीकडची. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी १९४१ मध्ये सिद्ध केला. टेरिलीन आणि टेरीकॉट या नावांनी तो आपल्याकडील कपाटांतूनही येऊन बसला. या धाग्याचा एक विशेष गुण हेरून, १९५० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी कागदावरचा रंग उष्णतेने कापडात उतरविण्याची रीत काढली. आज गल्लीतल्या छोट्या दुकानातही जे सब्लिमेशन चालते, त्याचे मूळ तेथे आहे.

रंग आत शिरतो की वर बसतो?

छपाईच्या नावांचे अवडंबर बाजूला ठेवले, तर साऱ्या रीतींचे दोनच वर्ग पडतात. एकीत रंग वस्तूच्या आत शिरतो. दुसरीत तो वस्तूवर थर होऊन बसतो. आत शिरलेला रंग हाताला लागत नाही, सोलला जात नाही, त्याला तडे जात नाहीत. परंतु त्याला आत घेणारी वस्तू भेटावी लागते. वर बसणारा रंग पुष्कळ वस्तूंशी जमवून घेतो. परंतु त्याची सारी भिस्त डिंकावर असते. तेव्हा पहिला प्रश्न ‘चित्र कोणते?’ हा नव्हे, तर ‘वस्तू कोणती आणि ती या रंगाला कोठे ठेवणार?’ हा होय.

सब्लिमेशन हा पहिल्या वर्गाचा नमुना. तिचे रंग सुमारे दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की द्रवरूप न होता एकदम वायुरूप होतात. त्याच तापमानाला पॉलिएस्टरचा धागा सैलावतो, वायुरूप रंग त्यात शिरतो, आणि कापड निवले की आत कोंडला जातो. हीट प्रेसखाली मिनिटभराचे काम. पण बंध असा की कापड फाटेपर्यंत चित्र टिकावे. कापसाच्या धाग्यात मात्र या रंगाला घर नाही. तो वरवर चिकटतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. त्या मंडळाच्या टी-शर्टचे नेमके हेच झाले. छापणाऱ्याचा हात वाईट नव्हता, शाई भेसळीची नव्हती. वस्तूची आणि रीतीची गाठच चुकीची पडली होती.

मग त्याच दुकानातील कप सुरेख कसे निघाले? कारण त्या कपांवर कारखान्यातच पॉलिएस्टरसारख्या प्लॅस्टिकजन्य द्रव्याचा पातळ थर चढविलेला असतो. रंग चिनी मातीत शिरत नाही, त्या थरात शिरतो. घरातला साधा कप नेऊन दिला, तर त्यावर सब्लिमेशनचे चित्र टिकणार नाही.

कापडाची जात ओळखा

कापड घेताना विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. कडेचा एक धागा काढून, चिमट्यात धरून, जपून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ, करडी राख राहते. पॉलिएस्टरचा धागा वितळत आक्रसतो आणि टोकाला काळसर कडक मणी धरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा थोड्याथोड्या दिसतात.

पांढऱ्या वा फिक्या पॉलिएस्टरवर सब्लिमेशनसारखी दुसरी रीत नाही. पताका, झेंडे, पथकाचे खेळाडूंसारखे सदरे यांना ती शोभते. रंग कितीही असोत, खर्च तोच, आणि कापडाची झुळझुळ कायम राहते. मात्र या रीतीत पांढरी शाई नसते. चित्रातील पांढरे ते कापडाचेच पांढरे. म्हणून गडद कापडावर ही छपाई दिसतच नाही.

सुती किंवा गडद कापड असेल, तर वर बसणारी रीत घ्यावी लागते. सध्या डीटीएफ या नावाने प्रसिद्ध असलेल्या रीतीत चित्र एका प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापतात, त्यामागे पांढऱ्या शाईचा थर देतात, त्यावर उष्णतेने वितळणारी डिंकाची भुकटी पसरून ती तापवतात, आणि मग सुमारे दीडशे अंशांवर कापडावर दाबून फिल्म सोलून काढतात. सुती, मिश्र, काळे, भगवे, कोणतेही कापड तिला चालते. गणरायाच्या मुकुटातील बारीक कलाकुसरही वठते. दोष एवढाच की मोठे चित्र छातीवर प्लॅस्टिकच्या पत्र्यासारखे लागते. ढोल वाजविणाऱ्याला घामाने ते नकोसे होते. यास्तव चित्र लहान ठेवावे, किंवा मधूनमधून मोकळे सोडलेले असावे.

केवळ नाव, क्रमांक किंवा एकरंगी चिन्ह हवे असेल, तर व्हिनाईलचा पातळ पत्रा यंत्राने कापून उष्णतेने चिकटवणे उत्तम. आणि शे-दोनशे सुती टी-शर्टवर एक-दोन रंगांचेच काम असेल, तर ट्रान्सफरच्या वाटेलाच न जाता आपली जुनी स्क्रीन छपाई करून घ्यावी. ती धुण्याला टिकते, अंगाला मऊ लागते, आणि मोठ्या संख्येत परवडते. नवी रीत आली म्हणून जुनी निकामी झाली, असे नव्हे.

एक धोका विशेष सांगितला पाहिजे. भगव्या किंवा लाल पॉलिएस्टरवर पांढरी अक्षरे फार उठून दिसतात, म्हणून मंडळांना ती आवडतात. पण त्या कापडाचा स्वतःचा रंगही त्याच उडणाऱ्या जातीचा असतो. हीट प्रेसच्या आचेने तो जागा होतो आणि पांढऱ्या अक्षरांत शिरतो. प्रेसमधून निघताना शुभ्र असलेले नाव पुढे काही दिवसांत गुलाबी पडते. यावर उपाय म्हणजे कमी तापमानाला चिकटणारी फिल्म, किंवा रंग अडविणारा गडद अस्तरथर. हे काम घेणाऱ्याला आधीच विचारावे.

पावसाळ्याचाही हिशेब ठेवावा. भाद्रपदातील दमट हवेत कागद ओलावा धरतो, कापड ओलावा धरते, डिंकाची भुकटीसुद्धा गोळे धरू लागते. ओल्या कागदावरून उतरविलेल्या चित्रावर वाफेचे डाग पडतात, कडा पसरतात. अनुभवी छापणारा कागद बंद पिशवीत ठेवतो, आणि चित्र लावण्यापूर्वी कोरे कापड काही क्षण प्रेसखाली दाबून कोरडे करून घेतो. दुकानात जाऊन एवढे पाहिले, तरी काम कोणाच्या हाती आहे ते कळते.

भाविकांच्या दृष्टीने महत्त्वाची अशी आणखी एक गोष्ट आहे. सब्लिमेशनमध्ये चित्र कागदावर आरशातल्यासारखे उलटे छापावे लागते. तेव्हा ते वस्तूवर सुलटे उतरते. ही पायरी विसरली आणि चित्राखाली अक्षरे असली, तर चूक लगेच उघडकीस येते. केवळ मूर्तीचे चित्र असले, तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होऊन घरोघर जातो. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक, असे मानणाऱ्या घरांत ही बाब लहान नव्हे. पहिला नग हाती येताच मूळ मूर्तीच्या छायाचित्राशी ताडून पाहावा.

कप, टाइल, तांब्या

कठीण वस्तूंत पहिली विचारणा अशी करावी : ही वस्तू रोज घासली जाणार आहे, की फळीवर राहणार आहे?

फळीवर राहणाऱ्या सन्मानचिन्हाला पुष्कळ रीती चालतात. थर चढविलेला ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा लाकडी भुशाची दाबलेली फळी असेल, तर सब्लिमेशनने छायाचित्रासारखे चित्र उतरते. काच, स्टील, ॲक्रिलिक यांवर सध्या यूव्ही डीटीएफ नावाची रीत चालते. तिच्यात अतिनील किरणांनी सुकणाऱ्या शाईचे चित्र चिकट फिल्मवर तयार होते, आणि ते वस्तूवर केवळ हाताने घासून बसवितात. उष्णतेची गरज नाही, म्हणून न तापणाऱ्या वस्तूंनाही ती लाभते. पृष्ठभाग मात्र गुळगुळीत हवा, आणि तेलकटपणा पुसून काढलेला हवा. हीच फिल्म कापडावर लावण्याचा मोह काहींना होतो, तो टाळावा. तिचा थर ताठ असतो, कापड वळले की त्याला तडे जातात. नावे सारखी असली तरी कापडाची डीटीएफ आणि काचेची डीटीएफ या दोन वेगळ्या विद्या आहेत.

रोज वापरावयाच्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी सर्वांत टिकाऊ रीत जुनीच आहे : भट्टीत भाजलेले डिकॅल. मातीच्या रंगद्रव्यांनी चित्र खास कागदावर छापतात, कागद पाण्यात भिजवितात, चित्राचा पातळ पापुद्रा सरकवून कपावर बसवितात, वाळवितात, आणि मग साधारणतः आठशे अंशांच्या आसपास भाजतात. वरचा पापुद्रा जळून जातो आणि रंग कपाच्या चकाकीत वितळून तिचाच भाग होतो. वर्षानुवर्षे घासले तरी ते चित्र सहजी हलत नाही. मात्र काही रंगद्रव्यांत शिसे आणि कॅडमियम असू शकते. म्हणून अन्नाला योग्य असेच रंग मागावेत, चित्र कपाच्या बाहेरच्या अंगाला घ्यावे, आणि ओठ टेकतात तेवढी कड कोरी ठेवावी. सब्लिमेशनचा कप स्वस्त आणि तत्काळ मिळतो, चित्रही अधिक भरदार दिसते; परंतु काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासल्यास त्याचा थर ओरबाडतो.

इमारतींच्या जिन्यांत देवादिकांच्या टाइल्स बसविण्याची प्रथा आपल्याकडे सर्वत्र आहे. लोकांनी भिंती घाण करू नयेत, हा तिचा हेतू. उन्हात येणाऱ्या भिंतीवर सब्लिमेशनची टाइल लावली, तर सूर्यप्रकाशाने रंग उडू लागतो आणि देवाच्या जागी निळसर-करड्या छाया उरतात. बाहेरच्या भिंतीला भट्टीत भाजलेलीच टाइल हवी.

पेने, किल्ल्यांच्या साखळ्या अशा लहान वळणदार वस्तूंना पॅड प्रिंटिंग योग्य. कोरलेल्या पट्टीतील शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलून घेतो आणि वस्तूच्या वळणावर टेकवतो. त्यावर बारीक तपशिलाचे चित्र घालण्याचा हट्ट धरू नये. मंडळाचे नाव पुरे.

आणि पितळेचा तांब्या, स्टीलचा डबा? ते घरात राखेने, चिंचेने, घासणीने घासले जाणार. त्यांच्यावर कोणतीही ट्रान्सफर छपाई फार काळ तग धरत नाही. येथे आपल्या आज्या-पणज्यांची रीतच खरी : भांड्यावर नाव घालून घेणे. लग्नातील भांड्यांवर छिन्नीने ठोकून घातलेली नावे आणि तारखा तीन पिढ्यांनंतरही आपण वाचतो. आज तेच काम लेझरने अधिक सुबक होते. जेथे वस्तू रंगाला थारा देत नाही, तेथे कोरणे हाच उपाय.

नमुन्यावाचून काम देऊ नये

एवढे ध्यानी ठेवून मंडळाच्या चिटणीसाने एक शिस्त पाळावी. ऑर्डर देण्यापूर्वी प्रत्यक्ष त्याच कापडावर, त्याच कपावर एकेक नमुना छापून घ्यावा. दुसऱ्या कोणासाठी केलेला नमुना पाहून समाधान मानू नये. छपाईनंतर एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा, मग टी-शर्ट पाचसहा वेळा घरच्या पद्धतीने धुवावा, ताणून पाहावा. कपावर चिकटपट्टी घट्ट लावून झटक्याने ओढावी, आणि तो आठवडाभर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात वापरावयास द्यावा. या परीक्षेला दोन आठवडे लागतात. म्हणून काम भाद्रपदाच्या तोंडावर नव्हे, आषाढातच काढावे. घाईत छापणाऱ्यालाही नीट काम करता येत नाही. सणाच्या आदल्या रात्री शेकडो नग काढणाऱ्या त्या एका प्रेसमागे एखाद्या लहान कुटुंबाची सगळी पत असते, हेही विसरू नये.

वाटप करताना वस्तूसोबत एक ओळ सांगावी : टी-शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा, चित्रावर थेट इस्त्री फिरवू नका. डिंक इस्त्रीने पुन्हा वितळतो, हे घरी कोणाला ठाऊक नसते.

आता त्या आजींच्या प्रश्नाकडे वळू. चांगली रीत निवडली म्हणजे वस्तू अमर होते, असे नाही. टी-शर्ट कधी ना कधी विरणारच. तेव्हा ज्या वस्तूचे आयुष्य थोडे, जिचा शेवट फडक्यात किंवा पायपुसण्यात व्हायचा, तिच्यावर देवाचे चित्र घालूच नये. मंडळाचे नाव, वर्ष, फार तर एखादे जास्वंदीचे फूल घालावे. चित्र घालावे ते भट्टीतून तावून निघालेल्या टाइलवर, फळीवर जपून ठेवण्याच्या चिन्हावर. पार्थिव मूर्तीचे विसर्जन आपण विधिपूर्वक करतो. छापलेल्या चित्रासाठी तसा विधी नाही. म्हणून त्याच्या शेवटाचा विचार छापण्याच्या आधीच करावा लागतो.

त्या मंडळाने पुढच्या वर्षी असेच केले. सुती टी-शर्टवर स्क्रीन छपाईने एका रंगात केवळ नाव आले, आणि गणरायाचे चित्र असलेली एकेक भाजलेली टाइल घरोघर गेली. आजींनी ती आपल्या तुळशीवृंदावनाच्या दर्शनी बाजूस बसवून घेतली आहे. रोज सकाळी तिच्यावर पाणी पडते, दुपारी ऊन पडते. चित्र जसेच्या तसे आहे.